रमाबाई रानडे आणि शुश्रूषेची शाळा

डोंबिवली स्टेशनच्या पूर्वेकडून निघालेला मानपाडा रस्ता पुढे कल्याण-शीळ रस्त्याला जाऊन मिळतो. ठाण्यातही घोडबंदर रस्त्यावर एक मानपाडा आहे. पण आमचे मानपाडा हे डोंबिवलीचे. या रस्त्याने भल्या पहाटे स्टेशनकडे जाणाऱ्यांत आमच्या शेजारच्या एक ताई असतात. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा, पाठांच्या टिपणांची वही आणि पांढरा कोट. त्या परिचारिकांच्या एका शाळेत शिकवितात. सकाळी विद्यार्थिनींना घेऊन वॉर्डात जायचे, दुपारी वर्गात शरीरशास्त्र आणि शुश्रूषाशास्त्र शिकवायचे, संध्याकाळी लोकलच्या गर्दीतून परतायचे आणि रात्री स्वयंपाक आटोपून विद्यार्थिनींच्या वह्या तपासायच्या, असा त्यांचा गेल्या कित्येक वर्षांचा क्रम आहे.

मॅट्रिकनंतर माझ्या धाकट्या बहिणीने नर्सिंगला जायचे म्हटले, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कोणी धड बोलले नाही. ज्या घराने आजीच्या आजारपणात त्याच ताईंना रात्री बारा वाजता हाका मारल्या होत्या, त्याच घराला आपल्या मुलीने तो पेशा पत्करणे कमीपणाचे वाटले! ताई घरी आल्या, शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि जाताना मला एवढेच सांगून गेल्या की, आर्ट्‌सचा विद्यार्थी आहेस, तर रमाबाई रानड्यांचे चरित्र एकदा वाच. या लेखाचे मूळ त्या संध्याकाळी आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून रमाबाईंचे नाव सर्वांना ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी, २०१२ साली, दूरचित्रवाणीवर त्यांच्या जीवनावर उंच माझा झोका ही मालिका झाली, तेव्हा तर लहान मुलांच्याही तोंडी त्यांचे नाव झाले होते. परंतु पाटी-पेन्सिल घेऊन बसलेल्या लहानग्या रमेच्या पुढची, चाळिशीनंतरची रमाबाई आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. महाराष्ट्रातील घरंदाज मुलीसाठी रुग्णालयाचे दार उघडणाऱ्यांत त्या अग्रभागी होत्या. त्या स्वतः परिचारिका नव्हत्या आणि वैद्यकाचा पाठही त्यांनी कधी दिला नाही. तरीही आज शुश्रूषा शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षिकेची त्या पूर्वज आहेत, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. पुढे १९१३ साली यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावी झाला. माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल त्या घरी नव्हती. १८७३ साली अकराव्या वर्षी यमुनेचे लग्न झाले. वर एकतीस वर्षांचे, विद्वान, सरकारी नोकरीत चढत असलेले आणि नुकतेच विधुर झालेले माधवराव रानडे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माधवरावांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एका कुमारिकेशी लग्न केले, याबद्दल सुधारकांनी त्यांना दोष दिला आणि तो दोष इतिहासाने अजून पुसलेला नाही. पण त्यांनी एक गोष्ट मात्र लगेच आरंभली. लग्न होऊन घरात आलेल्या त्या निरक्षर मुलीच्या हाती त्यांनी पाटी दिली.

येथून रमाबाईंच्या दोन शाळा एकदम सुरू झाल्या. एक पतीची, दिव्याच्या उजेडात रात्री भरणारी. त्या शाळेत आधी मराठी आणि मग इंग्रजी. दुसरी शाळा दिवसा, माजघरात भरे. तेथे शिक्षिका अनेक होत्या. सासरच्या वडीलधाऱ्या बायकांना सुनेचे वाचणे-लिहिणे मुळीच खपत नसे. टोमणे, अबोला, कामाचा डोंगर, शिवाशिवीचे नियम असे सारे प्रकार तिच्यावर झाले. तिने नवऱ्याकडे गाऱ्हाणे न्यावे तर घर फुटणार आणि पुस्तक मिटावे तर शिक्षण संपणार. यमुनेची रमा झालेल्या त्या मुलीने तिसरा मार्ग धरला. माजघरातले सगळे ऐकून घ्यायचे, उलट उत्तर द्यायचे नाही आणि रात्री पुस्तक पुन्हा उघडायचे. हसे सहन करून आपले काम सोडायचे नाही, हा धडा तिने ज्या वयात गिरविला त्या वयात आपण शाळेच्या सहलीला जातो.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन झाला. रानड्यांच्या रमाबाई तेथे जाऊ लागल्या. मुलींसाठी हायस्कूल हवे, या मागणीसाठी भरलेल्या सभेत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर त्यांनी इंग्रजीत लेख वाचला. बाहेर त्यांचे कौतुक झाले, घरी मात्र पुन्हा माजघराची शाळा भरली. १८८४ साली पुण्यात ते हायस्कूल निघाले, तेच आजचे हुजूरपागा.

१८९३ साली रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. रानड्यांची दृष्टी अधू होती, त्यामुळे वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचून दाखविण्याचे काम रमाबाईंकडे असे. अखेरच्या काळात न्यायमूर्तींना हृदयविकाराने गाठले. औषधाच्या वेळा, पथ्य, अंग चेपणे, रात्रीची जागरणे हे सर्व त्यांनी केले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाईंनी चाळिशीही गाठली नव्हती. त्यांना मूलबाळ नव्हते. शुश्रूषा हा शब्द त्यांनी कोणत्या वर्गात शिकला असेल, तर तो याच खोलीत. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाला किती गोष्टी ठाऊक असाव्या लागतात आणि केवळ माया असून भागत नाही, हे ज्याने रात्री जागविल्या त्यालाच कळते.

पतीच्या निधनानंतर त्या पुण्यास आल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतले. नंतर त्या बाहेर पडल्या त्या येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटण्यासाठी. त्या बायकांशी बोलायचे, त्यांना काही वाचून दाखवायचे, त्यांची दुःखे ऐकायची. रुग्णालयांतही फळे, फुले, पुस्तके घेऊन त्या जात. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले. त्याचेही अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात त्यांच्याच वाड्यात सेवासदनचे काम सुरू झाले. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामी त्यांचे मोठे साहाय्यक होते. पुण्यात सर्वजण रमाबाईंना वहिनी किंवा वहिनीसाहेब म्हणत. सेवासदनातही त्यांना बाईसाहेब अथवा अध्यक्षा असे कोणी म्हटले नाही, त्या सर्वांच्या वहिनीच राहिल्या.

सेवासदनात काय नव्हते? प्रौढ स्त्रियांचे लिहिण्या-वाचण्याचे वर्ग, शिवण, गायन, प्रथमोपचार, मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करणारा वर्ग, असे एकेक काम वाढत गेले. शिक्षिका तयार करणे तितकेसे कठीण नव्हते. मास्तरीण झालेल्या विधवेला समाज नाके मुरडीत का होईना, सहन करी. परंतु रमाबाई आणि देवधर तेथे थांबले नाहीत. त्यांनी परिचारिकांच्या शिक्षणाला हात घातला आणि खरी कसोटी सुरू झाली.

आज आपल्याला त्या कसोटीची कल्पना येणे अवघड आहे. इंग्लंडात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली आणि या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. या बाईंचा हिंदुस्थानच्या आरोग्याचा मोठा अभ्यास होता आणि रानडे ज्या सार्वजनिक सभेचे प्राण होते, त्या पुण्याच्या सभेशी त्यांचा पत्रव्यवहारही होता. पण पत्रे पुण्यास पोचली म्हणून प्रतिष्ठा पोचली असे नाही. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, कोणत्याही जातीच्या रोग्याला पाणी पाजणे आणि रात्रपाळीसाठी घराबाहेर राहणे, यांतील प्रत्येक गोष्ट उच्चवर्णीय घरात स्वतंत्रपणे निषिद्ध होती. परिचारिका म्हणजे ख्रिस्ती नाही तर युरोपीय बाई, असेच चित्र सामान्यांच्या मनात होते. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी रोग्यांची सेवा करताना देह ठेवला, हे पुण्याने पाहिले होते. तरीही शुश्रूषा हे पुण्यकर्म म्हणून मानायचे आणि पेशा म्हणून टाळायचे, ही दुटप्पी वृत्ती कायम होती. ती आजही पुरती गेली आहे काय, हे आमच्या घरातले दोन दिवस आठवले की मला खात्रीने सांगवत नाही.

दुसऱ्या बाजूला घरोघरी बालविधवा होत्या. आठव्या-दहाव्या वर्षी कुंकू पुसलेल्या, केस काढलेल्या, घरातील सर्व आजाऱ्यांची सेवा फुकट करणाऱ्या आणि तरीही अपशकुनी ठरलेल्या. रमाबाईंनी पाहिले ते एवढेच की, जी शुश्रूषा ही मुलगी उपकाराच्या भाकरीवर रोज करते, तीच तिने नीट शिकून केली तर ती स्वतःच्या भाकरीवर जगेल. ही कल्पना साधी होती, पण ती अमलात आणायला फार मोठे धैर्य हवे होते.

पुण्याच्या ससून रुग्णालयात सेवासदनच्या विद्यार्थिनी शिक्षणासाठी जाऊ लागल्या. १८६७ पासून चालत आलेले हे रुग्णालय गावाने पाहिलेले होते, पण आपली सून किंवा बहीण तेथे चाकरीला पाठविण्याची गावाची तयारी नव्हती. म्हणून सेवासदनने या विद्यार्थिनींच्या राहण्या-जेवण्याची सोय आपल्या देखरेखीखाली केली. मुलगी कोठे राहते, कोणाच्या हातचे जेवते, रात्री तिच्याबरोबर कोण असते, हे पालकांचे प्रश्न होते आणि त्यांचे उत्तर वहिनींचे नाव हेच होते. रानड्यांच्या विधवा पत्नीने ज्या संस्थेची जबाबदारी घेतली, तेथे मुलगी पाठवायला हरकत नाही, असे एकेका घराला वाटू लागले. काही विद्यार्थिनी याच्याही पुढे गेल्या आणि पुण्याच्या भायरामजी जीजीभाय मेडिकल स्कूलमधील सब-असिस्टंट सर्जनच्या वर्गात बसल्या.

या शाळेत जखम धुण्याचे, ताप मोजण्याचे, पट्टी बांधण्याचे शिक्षण डॉक्टर आणि मेट्रन देत. मग रमाबाई काय शिकवीत? त्या शिकवीत ती गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेली नव्हती. लोक हसले तरी हातातले काम कसे पुरे करावे, हे त्या शिकवीत. त्या विषयात त्यांच्याइतकी अधिकारी शिक्षिका सबंध महाराष्ट्रात दुसरी नव्हती. माजघराच्या शाळेत त्यांनी तो विषय वर्षानुवर्षे गिरविला होता.

याची प्रचीती देणारी एक हकिगत त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते. सेवासदनच्या एका बक्षीस समारंभात शुश्रूषेचे शिक्षण घेतलेली एक तरुण विधवा बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली. अंगावर विधवेचे लाल लुगडे, केशहीन मस्तकावरून ओढलेला पदर. तिला पाहताच गॅलरीत बसलेल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. आपल्यासारखेच कॉलेजचे विद्यार्थी, शिकलेले, नव्या विचारांचे! ती मुलगी कोणत्या घरातून, किती विरोध सोसून तेथवर आली असेल, याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. समारंभाच्या शेवटी रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी त्या तरुणांना विचारले की, स्वतःला सुशिक्षित म्हणवून घेणाऱ्यांनी एका दुर्दैवी मुलीला हसावे, हे कोणत्या शिक्षणात बसते? अशी बहीण, आत्या किंवा मावशी ज्याच्या घरी नाही, असा एक तरी जण येथे आहे काय? त्यांचा स्वर रागाचा नव्हता, दुःखाचा होता. हसणाऱ्यांना त्यापुढे मान वर करणे कठीण गेले असेल.

मित्रहो, ही हकिगत वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ बसलो. कारण मी त्या व्यासपीठाजवळ नव्हतो, गॅलरीत होतो. बहिणीच्या निर्णयावर घरात पहिले नाक मी मुरडले होते.

मानसशास्त्राच्या तासाला आम्हाला हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९५९ साली मांडलेला सिद्धांत शिकविला जातो. पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी वाईट असल्या तर माणूस असमाधानी होतो. पण त्या चांगल्या असल्या म्हणूनच समाधान मिळते असे नाही. खरे समाधान कामातून, त्यातील यशातून, मिळणाऱ्या मान्यतेतून आणि जबाबदारीतून येते. रमाबाईंना सेवासदनातून अर्थप्राप्ती करायची नव्हती. वाट्याला टीका मात्र भरपूर आली. तरी १९०९ पासून अखेरपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही. त्यांचे समाधान कशात होते, हे त्यांनी कोठे मांडून ठेवलेले नाही. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणी पतीभोवतीच फिरतात, स्वतःच्या कामाचा डंका त्यांत नाही. पण त्यांच्या कृतीवरून मला एक अनुमान काढावेसे वाटते. जिला सर्वांनी ओझे मानले ती मुलगी एके दिवशी रोग्याच्या खाटेजवळ सरळ उभी राहते आणि रोगी तिच्याकडे आशेने पाहतो, तो क्षण शिक्षिकेचा पगार असतो. तो क्षण विद्यार्थिनीच्या हातून घडतो. शिक्षिका तेथे असतेच असे नाही.

आणि म्हणूनच सिद्धांताची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. समाधान कामात आहे, म्हणून पगार नसला तरी चालेल, असा अर्थ कोणी काढील तर तो रमाबाईंचा अपमान होईल. त्यांनी विधवांना शुश्रूषा शिकविली ती फुकट सेवेतून सोडविण्यासाठीच. सेवा हे व्रत आहे असे सांगून राबवून घेणे ही तर माजघराची रीत होती. तिला पेशाचे रूप देणे, शिक्षण, प्रमाणपत्र आणि मोबदला देणे, हे सेवासदनचे कार्य होते. आज भारतीय परिचर्या परिषदेचा नियम दर दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका असा आहे. तो जेथे पाळला जात नाही तेथे वर्गही नीट होत नाही, वॉर्डही नीट होत नाही आणि शिक्षिकेच्या मनाचे समाधान रोज थोडे थोडे झिजत जाते. व्रताची भाषा बोलणाऱ्यांनी आधी हा हिशेब पुरा केला पाहिजे.

रमाबाईंची उत्तरायुष्यातील कामे सांगायची तर स्वतंत्र लेख लागेल. आळंदीच्या यात्रेत सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन त्या वारकरी स्त्रियांच्या मदतीला जात. पुण्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण फक्त मुलांना द्यावे, असा घाट घातला गेला तेव्हा मुलींसाठी त्यांनी लढा दिला आणि १९२० च्या सुमारास पुण्याच्या रस्त्यांवरून स्त्रियांची मिरवणूक निघाली. मुंबई इलाख्यातील स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा, या चळवळीतही त्या पुढे होत्या. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले. १९६२ साली, जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. पाटीवर पहिली अक्षरे गिरविण्यासाठी जिला लग्नापर्यंत थांबावे लागले, तिचे चित्र देशाच्या कानाकोपऱ्यांतील पत्रांवर गेले.

लेख लिहून झाल्यावर मी ताईंना वाचून दाखविला. शेवटच्या लोकलने नुकत्याच आल्या होत्या, पाय सुजले होते. लेखाबद्दल त्या फारसे काही बोलल्या नाहीत. कित्येक वर्षांपूर्वी, पहिल्यांदा सुई टोचताना थरथर कापणारी त्यांची एक विद्यार्थिनी आता एका मोठ्या रुग्णालयात वॉर्डाची प्रमुख आहे आणि त्या दिवशी ती अचानक गाडीत भेटली, एवढीच बातमी त्यांनी सांगितली. तिने उठून ताईंना बसायला जागा दिली होती. डोंबिवलीच्या लोकलमध्ये बसायची जागा मिळणे म्हणजे काय, हे येथे कोणाला सांगायला नको! पण ताईंच्या चेहऱ्यावरचा आनंद त्या जागेचा नव्हता.

माझी बहीण या वर्षी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहाटे मानपाडा रस्त्याने आता दोघी स्टेशनकडे जातात, एक शिकवायला आणि एक शिकायला. त्या दोघींच्या वाटेवरचे पहिले काटे ज्यांनी वेचले, त्या वहिनीसाहेब रमाबाई रानडे यांच्या स्मृतीस गॅलरीतून खाली उतरलेल्या एका विद्यार्थ्याचे हे विनम्र अभिवादन.